15,753 चे एस्टिमेट आणि 6,903 चे बिल: ठाण्यातील एका ब्रेकदुरुस्तीचा हिशेब

वागळे इस्टेटमधील एका खासगी गॅरेजमध्ये आमच्या मोटारीच्या ब्रेकचे काम नुकतेच झाले. त्याचे बिल 6,903 रुपये झाले आणि त्यातील एक ओळ वगळता ते रास्त आहे, असे माझे मत आहे. त्याआधी घोडबंदर रस्त्यावरील कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने त्याच मोटारीच्या त्याच तक्रारीसाठी 15,753 रुपयांचे एस्टिमेट दिले होते. हे दोन आकडे शेजारी मांडले की अधिकृत सेंटर लुबाडते आणि खासगी मिस्त्री प्रामाणिक असतो, असा निष्कर्ष कोणीही चटकन काढील. मात्र दोन्ही कागद ओळीओळीने तपासल्यावर मला तो निष्कर्ष पटत नाही. दोन्ही ठिकाणांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण येथे तपासायचा आहे तो हिशेब.

मोटार सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक असून तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. तक्रारी दोन होत्या. ब्रेक हलका दाबला की पुढच्या चाकातून बारीक, कर्कश आवाज येई आणि गायमुखच्या उतारावर वेग कमी करताना पेडल पायाखाली थरथरत असे. पहिल्या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा साधे असते, कारण अनेक ब्रेक पॅडना एक लहान पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते आणि पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की ती डिस्कला घासून आवाज करू लागते. दुसरी तक्रार डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसल्याची खूण असू शकते. अर्थात करकचून ब्रेक मारल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झाल्यामुळे येणारा धडधडाट वेगळा असतो आणि तो दोष नव्हे. भारतात एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले असल्यामुळे हा फरक सल्लागाराला नीट सांगणे महत्त्वाचे आहे. अन्यथा ज्या कामाची गरज नाही तेही जॉब कार्डावर (करायच्या कामांच्या यादीवर) चढते.

अधिकृत सेंटरच्या एस्टिमेटमध्ये पुढचे पॅड 2,655, पुढच्या दोन्ही डिस्क 4,720, मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) 1,770, मागचे दोन व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारे भाग) 1,180 आणि ब्रेक ऑइल 590 रुपये असे सुटे भाग होते. मजुरीत पॅड बदलण्याचे 708, डिस्क बदलण्याचे 1,062, मागच्या कामाचे 1,180, ब्लीडिंगचे (ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढण्याचे) 590, ‘ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग’चे 944 आणि कन्झ्युमेबल्सचे (कामात वापरून संपणाऱ्या किरकोळ वस्तूंचे) 354 रुपये धरले होते. सर्व रकमा कर धरून आहेत. खासगी गॅरेजने पॅडचे 1,888, एका व्हील सिलिंडरचे 590 आणि ब्रेक ऑइलचे 590 रुपये लावले. दोन्ही डिस्क न बदलता लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेतल्या, त्याचे कर धरून 1,062 रुपये झाले. मजुरी पुढच्या कामाची 708, मागच्या कामाची 1,062, ब्लीडिंगची 708 आणि कन्झ्युमेबल्सचे 295 रुपये.

दोन्हींतील फरक 8,850 रुपयांचा आहे. त्यापैकी 7,080 रुपये, म्हणजे नेमके 80 टक्के, केवळ तीन गोष्टींमुळे आहेत: डिस्क बदलल्या नाहीत, लायनर बदलले नाहीत आणि दोनऐवजी एकच सिलिंडर बदलला. पॅडच्या किमतीतील फरक 767 रुपयांचा आहे. मजुरीचे दर पाहिले तर दोन्ही ठिकाणी ते जवळजवळ सारखेच आहेत. पुढच्या कामाचा दर तर रुपयाचाही फरक न पडता तोच आहे आणि ब्लीडिंगला खासगी गॅरेजने उलट 118 रुपये अधिक घेतले. तेव्हा कोणाचे दर महाग, हा प्रश्न येथे फारसा उरत नाही. कोणता भाग बदलायला हवा होता, हे कोणी कशाच्या आधारे ठरवले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मापातूनच मिळते.

सर्वांत मोठी ओळ डिस्कची असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करणे योग्य. सेंटरमधील सल्लागाराने मोबाईलवर गंजलेल्या डिस्कचा फोटो दाखवला आणि “मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे, रिस्क कशाला घेता?” असे विचारले. डिस्कची जाडी किती भरली, असे मी विचारले असता जाडी मोजलेली नव्हती. फोटोतील गंज डिस्कच्या मधल्या भागावर आणि बाहेरच्या कडेवर होता, जेथे पॅड टेकतच नाही. डिस्क ओतीव लोखंडाची असते. ठाण्याच्या पावसाळ्यात मोटार उघड्यावर दोन दिवस उभी राहिली तरी तिच्या घासणाऱ्या पृष्ठभागावरही तांबूस थर चढतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो. त्यामुळे नुसता गंज पाहून डिस्क बाद ठरत नाही. ती बाद ठरते किमान जाडीवरून, आणि ही किमान जाडी साधारणपणे डिस्कवरच कोरलेली असते.

वागळे इस्टेटमधील गॅरेजने डिस्क उतरवून ती कोरलेली अक्षरे पोलिश पेपरने घासून वाचून दाखवली. मर्यादा 15 मिलिमीटर होती आणि मायक्रोमीटरवर वेगवेगळ्या जागी 16 च्या किंचित वर-खाली माप मिळाले. पेडल का थरथरत होते, याचे उत्तर त्या वर-खाली होण्यातच होते. येथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण पुष्कळ गॅरेजांत ती पाळली जात नाही. डिस्कच्या कडेला न झिजलेली एक उंच किनार उरते आणि साध्या व्हर्नियरचे जबडे त्या किनारीवर टेकले तर माप प्रत्यक्षाहून जाड येते. म्हणून किनारीच्या आत पोहोचणारा मायक्रोमीटर हवा. फेसिंगनंतर जाडी 15.6 भरली. मर्यादेच्या वर असल्यामुळे डिस्क वापरण्याजोगी आहे, मात्र पुढच्या वेळी पॅड बदलताना ती पुन्हा घासून चालणार नाही. म्हणजे 4,720 रुपये वाचले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो खर्च फक्त पुढे ढकलला गेला आहे. ज्यांची मोटार अजून बरीच वर्षे आणि बरीच धावणार आहे, त्यांनी आत्ताच नव्या डिस्क घातल्या तरी तो निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही. माझा आक्षेप डिस्क बदलण्याला नाही; न मोजता बदलायला सांगण्याला आहे.

पॅडबद्दल दोन्हीकडे मतभेद नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो 2 ते 3 मिलिमीटर उरला की पॅड बदलतात. आमच्या डाव्या चाकात बाहेरच्या पॅडवर 4 आणि आतल्या पॅडवर जेमतेम 2 मिलिमीटर उरले होते. खासगी गॅरेजचे फोरमन म्हणाले, “बाहेरचं पॅड तर चाकाच्या फटीतूनही दिसतं. आतलं बघितल्याशिवाय काही खरं नाही.” आतला पॅड अधिक झिजण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून किंवा गंजून अडकणे. नुसते नवे पॅड घालून पिना तशाच ठेवल्या असत्या तर नवा आतला पॅडही वेळेआधी संपला असता आणि त्याचा दोष पॅडच्या कंपनीला गेला असता. गॅरेजने पिना काढून साफ केल्या व त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले. साधे पेट्रोलियम ग्रीस येथे चालत नाही, कारण त्याने रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी आवरणे) फुगतात.

नेमक्या याच कामासाठी सेंटरच्या एस्टिमेटमध्ये ‘ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग’ ही 944 रुपयांची वेगळी ओळ होती आणि त्या कागदावरील सर्वांत आक्षेपार्ह ओळ मला हीच वाटते. पॅड बदलायचे तर चाक निघते, कॅलिपर उघडतो, पिना हातात येतात. डिस्क बदलायची तरी तेच सगळे आधी करावे लागते. म्हणजे एकदाच चाक काढून पॅडची मजुरी, डिस्कची मजुरी आणि सफाईची मजुरी अशी तिहेरी आकारणी झाली. पॅड आणि डिस्क एकत्र बदलताना डिस्कसाठी थोडी वाढीव मजुरी घेणे समजण्यासारखे आहे; दोन्हींची पूर्ण मजुरी जोडून वर सफाई वेगळी लावणे समर्थनीय नाही. पाणीपुरीबरोबर पाण्याचे वेगळे पैसे लावावेत, तसे हे झाले. अन्य काही दुरुस्ती नसताना केवळ सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक उघडून साफ केले, तर त्याचे पैसे जरूर घ्यावेत.

मागच्या चाकांचा हिशेब अधिक नाजूक आहे आणि तेथे खासगी गॅरेजचा निर्णय मला पूर्णपणे पटलेला नाही. उजव्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट किंचित उचलला तेव्हा आत ब्रेक ऑइलची ओल दिसली. ती ओल बूटच्या बाहेर येऊन लायनरपर्यंत पोहोचली असती तर दोन्ही बाजूंचे लायनर बदलणे भागच होते, कारण ऑइल प्यालेला लायनर साफ करून पूर्ववत होत नाही आणि एकाच बाजूला नवा लायनर घातला तर दोन्ही चाके सारखी धरत नाहीत. आमच्याकडे लायनर कोरडे होते आणि त्यांवर पुरेसा थर शिल्लक होता. म्हणून 1,770 रुपयांची ती ओळ गाळणे योग्यच होते. डावा सिलिंडर मात्र उजव्याइतक्याच वयाचा आहे. ड्रम उघडलेलाच होता, ब्लीडिंग व्हायचेच होते, तेव्हा आणखी 590 रुपयांत तोही बदलून टाकला असता तर तीच मजुरी पुन्हा भरण्याची शक्यता टळली असती. गॅरेजने तो कोरडा असल्याचे दाखवले आणि अनावश्यक भाग न बदलण्याचे आपले धोरण सांगितले. धोरण चांगले आहे. या एका ठिकाणी सेंटरचे एस्टिमेट मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ब्रेक ऑइलच्या 590 रुपयांवर कोणी हरकत घेऊ नये. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 प्रकारच्या ताज्या ऑइलसाठी किमान 230 अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषलेल्यासाठी किमान 155 अंश ही प्रमाण मर्यादा आहे. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आल्यास तापलेल्या कॅलिपरमध्ये जुने ऑइल उकळून बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते. म्हणूनच अनेक मोटारींच्या पुस्तिकेत साधारण दोन वर्षांनी ते बदलण्यास सांगितलेले असते, मग मोटार कितीही कमी धावलेली असो. गॅरेजने सीलबंद बाटल्या समोर उघडल्या, ही जमेची बाजू. दुसऱ्या बाटलीतील उरलेले ऑइल त्यांनी आम्हाला घरी नेण्यास दिले. ते ठेवून उपयोग नाही, कारण उघडलेली बाटली ओलावा खेचतच राहते, पण पैसे दिलेली वस्तू परत देण्याची वृत्ती नोंदवण्याजोगी आहे.

आता कराविषयी. या गॅरेजने आधी दिलेले बिल 6,903 चे नव्हते. ते 7,455 रुपयांचे होते. पॅड, सिलिंडर आणि ऑइल यांची वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत एकूण 3,068 रुपये होती. ती किंमत, फेसिंग, मजुरी आणि कन्झ्युमेबल्स यांची बेरीज करून त्या सगळ्यावर शेवटी 18 टक्के जीएसटी लावला होता. वेष्टनावरील एमआरपी सर्व करांसहित असते आणि तिच्याहून अधिक रक्कम घेणे वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार गुन्हा आहे. बिलावर कर वेगळा दाखवायचा असेल तर आधी एमआरपीला 1.18 ने भागून मूळ किंमत काढावी लागते. म्हणजे 3,068 रुपयांत मूळ किंमत 2,600 आणि कर 468 रुपये. या चुकीमुळे 552 रुपये जादा लागले होते. ही बाब दाखवताच गॅरेजच्या काउंटरवरील मुलाने मालकांना विचारले आणि वाद न घालता नवे बिल काढून दिले. सॉफ्टवेअरमध्ये भागाची किंमत करासहित की कराविना, हे निवडताना गफलत झाल्याचे त्यांनी सांगितले आणि ते खरेही असेल. पण ज्या ग्राहकांनी ही बेरीज तपासली नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटारींच्या बहुतेक सुट्या भागांवरील जीएसटी पूर्वी 28 टक्के होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे. जुन्या छपाईचे खोके हाती आले तर त्यावरील एमआरपी जुन्या कराची असू शकते, त्यामुळे छपाईचा महिना पाहणे इष्ट. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या गॅरेजचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो. नोंदणीच नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतील (लहान व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेतील) लहान गॅरेजला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. गल्लीतील हातबिलावर ‘टॅक्स’ म्हणून काही रक्कम लिहिली असेल तर क्रमांक मागावा. बिल देण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

मला रास्त न वाटलेली ओळ म्हणजे 295 रुपयांचे कन्झ्युमेबल्स. ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ग्रीस, पोलिश पेपर आणि चिंध्या यांचा खर्च होतो, हे मान्य आहे. परंतु कशाचे किती, हे लिहून देण्यास गॅरेज तयार झाले नाही. “सगळेच लावतात, मॅडम” हे उत्तर मिळाले. खरोखरच सगळे लावतात, सेंटरनेही 354 लावले होते, पण त्यामुळे ती ओळ स्पष्ट होत नाही.

पॅडच्या किमतीत जो 767 रुपयांचा फरक पडला, तो मोटार कंपनीच्या शिक्क्याच्या खोक्याऐवजी ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका नामांकित उत्पादकाचे खोके घेतल्यामुळे. खोके सीलबंद होते, त्यावरील भाग क्रमांक आमच्या मॉडेलशी जुळवून दाखवला गेला आणि जुने पॅड व सिलिंडर न मागता परत दिले गेले. बाहेरचे भाग म्हणजे बनावट, हा समज आता सोडायला हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दलच. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे आला.

कामानंतर पेडल पुन्हा घट्ट लागते, थरथर गेली आहे आणि सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना मोटार कोणत्याही बाजूला ओढत नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पॅड डिस्कवर बसेपर्यंत करकचून ब्रेक मारणे शक्यतो टाळावे, ही सूचना तोंडी मिळाली. ती बिलावर छापली असती तर बरे झाले असते. फेसिंगचे लेथ गॅरेजमध्ये नसून डिस्क बाहेर पाठवल्या जातात, त्यामुळे मोटार सकाळी लवकर दिली नाही तर ती दुसऱ्या दिवसावर जाते.

मागे ड्रम आणि दोरीचा साधा हॅण्डब्रेक असलेल्या, वॉरंटी संपलेल्या मोटारीसाठी मी हे गॅरेज सुचवीन. ज्या मोटारींना बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक आहे, त्यांचे मागचे पॅड बदलताना कॅलिपरची मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते आणि तो स्कॅनर या गॅरेजकडे नाही, असे फोरमननी विचारल्यावर सरळ सांगितले. अशा मोटारी त्यांनी स्वतःच अधिकृत सेंटरकडे पाठवलेल्या आहेत.